अमेरिकेतल्या स्थळाचा घटस्फोट खरंच झालाय का? काउंटी कोर्टात नोंद अशी शोधतात

लग्न जुळवणाऱ्या साइटवर अमेरिकेतलं एक स्थळ येतं. मुलगा शिकलेला, नोकरी डॅलसला, पगार उत्तम. माहितीच्या रकान्यात एक छोटी ओळ असते, 'घटस्फोटित, अपत्य नाही'. मुलीकडच्यांनी कागद मागितला की व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येते. सगळा मजकूर इंग्रजीत, वर कोर्टाचं नाव, खाली कुणाची तरी सही. आता पुण्यात किंवा कोल्हापुरात बसलेल्या माणसाने हा कागद खरा की खोटा, हे ठरवायचं कसं?

बहुतेक लोक सरळ गुगलवर मुलाचं नाव टाकतात. लगेच 'या व्यक्तीचं घटस्फोटाचं रेकॉर्ड सापडलं आहे, बघण्यासाठी पैसे भरा' असं सांगणाऱ्या साइट्सची रांग लागते. काही जण क्रेडिट कार्डाचा नंबर देऊन मोकळेही होतात. हाती येते ती इकडून तिकडून गोळा केलेली, कधी जुनी तर कधी भलत्याच माणसाची माहिती.

खरी नोंद या साइट्सकडे तयार होत नाही. ती असते एका सरकारी कचेरीत. ती कचेरी नेमकी कोणती, हे कळलं की अर्धं काम झालं. म्हणून ही सगळी व्यवस्था चालते कशी, ते आधी समजून घेऊ.

अख्ख्या अमेरिकेचं एक रजिस्टर का नाही?

अमेरिकेत लग्न आणि घटस्फोट हा केंद्र सरकारचा विषय नाही, तो राज्यांचा विषय आहे. राज्यं ५०, प्रत्येकाचा कायदा वेगळा. प्रत्येक राज्य पुढे काउंट्यांमध्ये विभागलेलं. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा समजा. लुइझियाना राज्यात तिला 'पॅरिश' म्हणतात आणि अलास्कात 'बरो', पण कल्पना तीच. अशा सगळ्या मिळून तीन हजारांहून जास्त काउंट्या तिथे आहेत.

घटस्फोट हा कोर्टातला खटला असतो. तो ज्या काउंटीच्या कोर्टात दाखल होतो, तिथल्या क्लार्कच्या कचेरीत त्याची फाइल राहते. म्हणजे 'अमुक माणसाचा घटस्फोट झालाय का' असं अख्ख्या देशाला एकदम विचारण्याची सोयच नाही. विचारावं लागतं ते 'अमुक काउंटीच्या कोर्टात अमुक नावाचा खटला आहे का' असं.

अमेरिकेत केंद्राच्या कोर्टांची कागदपत्रं 'पेसर' नावाच्या वेबसाइटवर मिळतात. ती पाहून पुष्कळांचा गोंधळ होतो. तिथे दिवाळखोरी सापडेल, घटस्फोट सापडणार नाही, कारण तो केंद्राच्या कोर्टात जातच नाही.

आणखी एक गंमत म्हणजे कोर्टाचं नाव. कॅलिफोर्नियात हा खटला 'सुपीरियर कोर्टा'त चालतो, टेक्सासमध्ये 'डिस्ट्रिक्ट कोर्टा'त, इलिनॉय आणि फ्लोरिडात 'सर्किट कोर्टा'त, पेनसिल्व्हेनियात 'कोर्ट ऑफ कॉमन प्लीज'मध्ये. न्यूयॉर्कमध्ये तर तो चक्क 'सुप्रीम कोर्टा'त चालतो! तिथे सुप्रीम कोर्ट म्हणजे खालचं, खटला चालवणारं कोर्ट. त्यामुळे पीडीएफवर 'सुप्रीम कोर्ट' दिसलं म्हणून दबकून जायचं कारण नाही आणि कागद बनावट आहे असं समजायचंही कारण नाही.

काउंटी ओळखायची कशी?

इथे लोक हमखास चुकतात. लग्न जिथे झालं तिथे घटस्फोटाची नोंद असेल, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. खटला दाखल करताना नवरा-बायकोपैकी कुणीतरी एक जण जिथे राहत होता, तिथे तो बहुतेक वेळा दाखल होतो. लग्न नाशिकला झालं असेल, तरी फाइल सॅन होजेच्या कोर्टात असू शकते.

किती दिवस राहिल्यावर अर्ज करता येतो, हे राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात दोघांपैकी एकाने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. टेक्सासमध्ये राज्यात सहा महिने आणि काउंटीत ९० दिवस. नेवाडात मात्र फक्त सहा आठवडे पुरतात. नेवाडाने ही सवलत १९३१ साली दिली, आणि मग रेनो हे शहर झटपट घटस्फोटासाठी जगभर गाजलं.

याचा अर्थ असा की मुलगा आज डॅलसला आहे, म्हणून फक्त डॅलसमध्ये शोधून भागत नाही. तीन वर्षांपूर्वी तो कुठे होता? पहिली बायको वेगळी झाल्यावर कुठे राहायला गेली? आयटीतली माणसं नोकरीबरोबर राज्यं बदलत असतात. तेव्हा त्या काळातले पत्ते आधी कागदावर मांडा.

मग शहरावरून काउंटी काढा. एडिसन हे न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत येतं, सनीव्हेल आणि कुपर्टिनो हे सँटा क्लारा काउंटीत, फ्रीमाँट अलामेडा काउंटीत, रेडमंड आणि बेलव्ह्यू किंग काउंटीत. काही शहरं दोन काउंट्यांत विभागलेली असतात. डॅलसजवळचं फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत आहे, शिकागोजवळचं नेपरव्हिल डुपेज आणि विल या दोन काउंट्यांत. अशा वेळी दोन्हीकडे बघावं लागतं.

कागद तीन प्रकारचे असतात

पहिला कागद म्हणजे घटस्फोटाचा दाखला. तो राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणीसारख्या खात्याकडून मिळतो. त्यात नावं, तारीख, काउंटी एवढंच असतं. पण सगळी राज्यं तो देत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ या काळातल्या नोंदी आहेत, त्यानंतरचं सगळं काउंटीच्या कोर्टात. टेक्सासचं खातं १९६८ पासूनच्या घटस्फोटांबद्दल 'अशी नोंद आहे' असं पत्र देतं, पण कोर्टाच्या निकालाची प्रत देत नाही.

दुसरा कागद म्हणजे डिक्री, म्हणजेच न्यायाधीशाच्या सहीचा अंतिम निकाल. लग्न कधी संपलं, मालमत्ता कशी वाटली, पोटगी किती, मुलं कुणाकडे, हे त्यात असतं. स्थळाची खातरजमा करायची तर खरं वजन याच कागदाला आहे.

तिसरी असते खटल्याची पूर्ण फाइल. अर्ज, उत्तरं, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, सगळं. ती पाहायची गरज तुम्हाला सहसा पडत नाही.

आता प्रत्यक्ष शोध

काउंटी कळली की तिच्या कोर्टाच्या किंवा क्लार्कच्या अधिकृत वेबसाइटवर जा. बऱ्याच सरकारी साइट्सचा पत्ता 'डॉट गव्ह'ने संपतो, काहींचा 'डॉट ओआरजी' किंवा 'डॉट कॉम'नेही. म्हणून काउंटीच्या किंवा राज्याच्या न्यायखात्याच्या मुख्य साइटवरून आत गेलेलं बरं. तिथे 'केस सर्च'सारखा पर्याय असतो. त्यात पक्षकाराच्या नावाने किंवा खटल्याच्या नंबराने शोधता येतं.

विभाग निवडताना 'फॅमिली' निवडा. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा कित्येक राज्यांत कायद्याच्या भाषेत 'डिव्होर्स' हा शब्दच नाही. तिथे त्याला 'डिझोल्युशन ऑफ मॅरेज' म्हणतात. यादीत 'डिव्होर्स' दिसला नाही म्हणून लगेच परत फिरू नका.

आपल्या नावांचा घोळ वेगळाच. 'पाटील' इंग्रजीत एका 'आय'ने लिहिलंय की दोन 'ई'ने? 'दीक्षित'मध्ये 'एक्स' आहे की 'के-एस-एच'? मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं? लग्नानंतर नाव बदललं होतं का? पासपोर्टवर नाव आणि आडनाव एकाच रकान्यात असेल, तर अमेरिकेत पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' लागतं, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन'. ही सगळी रूपं टाकून बघा. दोघांच्याही नावाने शोधा, कारण अर्ज कुणी केला हे तुम्हाला माहीत नसतं. आणि नुसतं नाव जुळलं म्हणजे माणूस तोच, असंही नाही. त्याच नावाचे दुसरे चार जण त्या काउंटीत असू शकतात. जोडीदाराचं नाव आणि साल, दोन्ही जुळायला हवं.

ऑनलाइन बहुतेक ठिकाणी फक्त खटल्याचा गोषवारा दिसतो, म्हणजे नंबर, पक्षकार, तारखा, काय दाखल झालं याची यादी. प्रत्यक्ष कागद दिसतीलच असं नाही. कॅलिफोर्नियाचा तर नियमच आहे की कौटुंबिक खटल्यांची कागदपत्रं घरबसल्या इंटरनेटवर दाखवायची नाहीत, ती कोर्टात जाऊन बघायची. गोषवारा मात्र ऑनलाइन ठेवता येतो.

कागद हवाच असेल तर क्लार्ककडे खटल्याचा नंबर देऊन, फी भरून प्रमाणित प्रत मागवता येते. तिथे कुणी नातेवाईक असेल तर तो कोर्टाच्या खिडकीवर जाऊन घेऊ शकतो. फी किती आणि अर्ज पोस्टाने की ऑनलाइन, हे त्या कोर्टाच्या साइटवर दिलेलं असतं. क्लार्क नोंद देतो, कायदेशीर सल्ला देत नाही, हेही लक्षात असू द्या.

सापडलं, पण वाचायचं कसं?

नोंद सापडली की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण खरी सावधगिरी इथून पुढे.

'फाइल्ड' म्हणजे फक्त अर्ज दाखल झाला. लग्न अजून शाबूत आहे. कॅलिफोर्नियात समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून किंवा तो कोर्टात हजर झाल्यापासून किमान सहा महिने लग्न संपतच नाही. टेक्सासमध्ये अर्जानंतर साधारणपणे ६० दिवस थांबावं लागतं.

'डिसमिस्ड' म्हणजे खटला निकाली निघाला, पण घटस्फोट न होता. दोघं परत एकत्र आले असतील किंवा कुणी पाठपुरावाच केला नसेल. कायद्याने ते अजून नवरा-बायकोच.

'डिस्पोज्ड' किंवा 'क्लोज्ड' हे शब्द फसवे आहेत. त्यांचा अर्थ फाइल बंद झाली एवढाच. निकाल लागून बंद झाली की अर्ज मागे घेतल्यामुळे, ते यादीतल्या शेवटच्या नोंदी वाचल्यावर कळतं.

'लीगल सेपरेशन' म्हणजे कोर्टाच्या आदेशाने वेगळं राहणं. हा घटस्फोट नव्हे. अशा माणसाला दुसरं लग्न करता येत नाही.

उलटही घडतं. कॅलिफोर्नियात कोर्ट आधी लग्न संपवून मालमत्तेचा वाद पुढे चालू ठेवू शकतं. अशा वेळी खटला चालू दिसतो, पण माणूस खरोखर घटस्फोटित असतो.

डिक्रीची तारीखही नीट बघा. टेक्सासमध्ये सहसा डिक्रीनंतर ३० दिवस दुसऱ्या कुणाशी लग्न करता येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये ही अट सहा महिन्यांची आहे.

आणि हो, 'चूक कुणाची होती' हे डिक्रीत शोधू नका. कॅलिफोर्नियाने १९७० पासून कुणालाही दोषी न ठरवता घटस्फोट द्यायला सुरुवात केली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, जे स्वतः घटस्फोटित होते. पुढे एकेक राज्य त्या वाटेने गेलं, आणि २०१० साली न्यूयॉर्कही आलं. आता बहुतेक डिक्रींमध्ये 'न मिटणारे मतभेद' अशा अर्थाची ठरीव ओळ असते. त्यावरून माणूस वाईट की चांगला, काहीच कळत नाही.

काहीच सापडलं नाही तर?

म्हणजे घटस्फोट झाला नाही, असं धरू नका. चुकीची काउंटी असेल, स्पेलिंग वेगळं असेल, जुनी नोंद ऑनलाइन आणलेली नसेल, किंवा न्यायाधीशाने फाइल सीलबंद केली असेल. घटस्फोट भारतातल्या कौटुंबिक न्यायालयात झाला असेल, तर अमेरिकेत काहीच मिळणार नाही. तसंच, नोंद मिळाली नाही म्हणजे माणूस अविवाहित आहे, असंही ठरत नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी. तिथल्या कायद्याने घटस्फोटाची फाइल फक्त पक्षकार आणि त्यांचे वकील बघू शकतात. बाकीच्यांना कोर्टाचा आदेश लागतो. पण त्याच कायद्यात एक खिडकी उघडी आहे. कुणीही काउंटी क्लार्ककडे 'सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन' मागू शकतो. त्यात निकाल काय लागला एवढंच असतं, आतला तपशील नसतो. स्थळाची खातरजमा करायला तेवढं पुरतं.

नोंद खरी, तरी भारतात चालेल का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि तोच सगळ्यात महाग पडतो.

१९७५ साली तिरुपतीला लग्न झालेल्या एका जोडप्याची केस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुइस काउंटीच्या सर्किट कोर्टात, ९० दिवसांच्या वास्तव्याच्या आधारावर घटस्फोटाचा अर्ज केला. १९८० साली पत्नीच्या गैरहजेरीत डिक्री मिळाली. पुढच्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. पहिल्या पत्नीने द्विविवाहाची तक्रार केली. काउंटीच्या कोर्टात नोंद होती, डिक्री खोटी नव्हती. तरीही १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा घटस्फोट भारतात ग्राह्य नाही.

त्या निकालाचा मथितार्थ असा. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल, तर परदेशी कोर्टाला त्या कायद्याप्रमाणे अधिकार हवा आणि घटस्फोटाचं कारणही त्याच कायद्यात बसायला हवं. याला अपवाद आहेत. समोरचा जोडीदार स्वतः तिथे हजर राहून खटला लढला असेल, किंवा त्याने घटस्फोटाला संमती दिली असेल, तर ती डिक्री टिकू शकते.

म्हणून डिक्री हातात आली की आधी दोन गोष्टी बघा. पहिलं लग्न कुठे आणि कोणत्या कायद्याखाली झालं? आणि दुसरा जोडीदार कोर्टात हजर होता का, त्याची संमती होती का? पहिलं लग्न भारतातलं आणि डिक्री एकतर्फी असेल, तर साखरपुड्याची तारीख धरण्याआधी कौटुंबिक कायद्याच्या वकिलाला तो कागद दाखवा. पहिलं लग्न कायद्याने जिवंत असेल तर हिंदू विवाह कायद्यानुसार दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, आणि त्याची झळ पोचते ती नव्या नवरीला.

सगळ्यांसाठी खुलं, म्हणून फॉरवर्ड करायचं?

कोर्टाचं काम लोकांना दिसलं पाहिजे, या जुन्या तत्त्वातून अमेरिकेत ही कागदपत्रं खुली आहेत. आपल्याकडे उलट आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार अशा खटल्यांचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्याबद्दल छापायलाही बंदी आहे.

अमेरिकेतली फाइल तुम्हाला बघता आली, तरी अर्जात लिहिलेले आरोप हे एका बाजूचं म्हणणं असतं. ते सिद्ध झालेले असतातच असं नाही. त्याचे स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले तर दोन माणसांची अब्रू जाते. त्यातलं एक माणूस तर तुमच्या स्थळाशी संबंधितही नसतं. शिवाय बदनामीचा दावा उलटू शकतो, तो वेगळाच. आपल्याला हवंय एका प्रश्नाचं उत्तर. लग्न कायद्याने संपलं आहे का? ते मिळालं की थांबा.

सगळ्यात सोपा मार्ग

खरं सांगायचं तर एवढी शोधाशोध करण्याआधी सरळ समोरच्यालाच विचारा. राज्य आणि काउंटी कोणती, खटल्याचा नंबर काय, अंतिम डिक्रीची तारीख कोणती? पहिलं लग्न कुठे झालं, तेही विचारा. खरोखर घटस्फोट झालेल्या माणसाच्या फाइलमध्ये ही माहिती असतेच. त्याने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबून न राहता, तोच नंबर स्वतः कोर्टाच्या साइटवर टाका आणि प्रमाणित प्रत थेट क्लार्ककडून मागवा, किंवा त्यालाच ती अपोस्टिल करून पाठवायला सांगा. अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून त्या राज्याने दिलेली मोहोर.

असं विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. आपण घर घेताना सातबारा किंवा इंडेक्स टू काढतो, तेव्हा विकणारा रागावत नाही. ज्याचं सगळं सरळ आहे, तो काउंटी आणि नंबर पाच मिनिटांत देईल. नंबर द्यायला महिनोन्महिने टाळाटाळ होत असेल, तर घाई करू नका. नंबर हाती आल्यावरच पुढची बोलणी करा.